रहीम मास्तरांची यादी

२०२४ साली 'मैदान' हा हिंदी सिनेमा आला आणि आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना सय्यद अब्दुल रहीम हे नाव पहिल्यांदा कळलं. सिनेमात अजय देवगण सिगरेट ओढत मैदानाच्या कडेला उभा राहतो, शेवटी भारत जिंकतो, थिएटरात टाळ्या पडतात. छानच वाटतं. पण रहीमसाहेबांचं खरं काम शिट्टी वाजायच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं असायचं. गल्लीत चेंडूमागे धावणाऱ्या पन्नास पोरांतला उद्याचा खेळाडू कोण, हे ओळखणं हे ते काम. या एका प्रश्नावर जगभर माणसं हमरीतुमरीवर येतात. अमेरिकेत बेसबॉलच्या खालच्या लीगमध्ये खेळणाऱ्या, अजून कुणी नावही न ऐकलेल्या मुलांच्या शंभर-शंभर नावांच्या याद्या दरवर्षी निघतात. मग हा सातवा का आणि तो सत्तरावा का, यावर लोक तावातावाने भांडतात. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावाआधी वेगळं काय होतं? हैदराबादेत हेच काम एक शाळामास्तर वीस वर्षं करत होते. फरक इतकाच की त्यांच्या यादीत नाव आलं तर त्या पोराच्या घरची चूल पेटायची.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, निजामाच्या हैदराबादेतला. तेव्हाचं हैदराबाद म्हणजे नुसतं शहर नव्हे. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे जिल्हे त्याच संस्थानात होते, आणि पुढे राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, मराठवाडा आणि चारमिनार एकाच राज्यात होते. हे आपण मराठी माणसं विसरूनच गेलो आहोत. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सगळं शिक्षण उर्दूतून चाले, आणि मराठवाड्यातली कित्येक मुलं तिथे उर्दूतून शिकूनच वकील नि मास्तर झाली. रहीमही उस्मानियाचेच पदवीधर. विद्यापीठाच्या संघातून ते खेळले, मग कमर क्लबकडून. तो स्थानिक लीगमधला नावाजलेला क्लब होता. पण खेळाडू म्हणून ते देशभर गाजले असं काही झालं नाही. पोटासाठी त्यांनी मास्तरकी धरली. काचीगुड्याची मिडल स्कूल, दारुल उलूम, चादरघाट हायस्कूल अशा शाळांमधून त्यांनी शिकवलं. काचीगुडा आणि शेजारचा सुलतान बाजार म्हणजे हैदराबादच्या मराठी मंडळींची जुनी वस्ती. तिथल्या एखाद्या आजोबांना बालपणी रस्त्यात रहीमसाहेब दिसले असतील, तर मला त्याचं नवल वाटणार नाही. मध्येच त्यांनी शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमाही केला.

मास्तर असणं ही त्यांच्या आयुष्यातली बाजूची गोष्ट नव्हती. मला तर वाटतं, सगळं त्यातूनच आलं. चांगल्या खेळाडूला आज काय येतं ते दिसतं. चांगल्या मास्तराला त्या पोराला अजून काय येत नाही आणि ते शिकवता येईल का, हे दिसतं. परीक्षेत पहिला आलेला मुलगा आणि पुढे मोठा होणारा मुलगा हे दोन वेगळे असू शकतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

१९४३ साली रहीम हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले आणि मरेपर्यंत ते पद त्यांच्याकडेच राहिलं. या कामात त्यांनी ज्या स्पर्धा भरवल्या त्या ऐकल्या की थक्क व्हायला होतं. एक स्पर्धा अशी की ड्रिबलिंग बंद. चेंडू आला की दुसऱ्याकडे द्यायचा, चार जणांना चकवत पळायचं नाही. दुसरी स्पर्धा अशी की प्रत्येकाने फक्त आपल्या कमजोर पायाने खेळायचं. उजव्या पायाचा असशील तर डाव्याने मार, नाहीतर उभा राहा. तिसरी लहान पोरांची, तीत उंचीची अट, एका ठरावीक मापापेक्षा उंच मुलाला प्रवेश नाही.

आता जरा थांबून पाहा, प्रत्येक स्पर्धा कुणाला बाजूला सारते. गल्लीतल्या मॅचमध्ये सगळ्यात जास्त कोण चमकतो? जो चेंडू सोडतच नाही तो. बघणारे त्याच्यावरच खूश. रहीमसाहेबांनी त्याचं तेवढंच हत्यार काढून घेतलं, आणि मग मैदानावर कोण उरतं ते पाहिलं. उरतो तो डोकं चालवणारा, चेंडू येण्याआधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे ठरवलेला मुलगा. कमजोर पायाच्या स्पर्धेत सगळेच धडपडतात, म्हणून तिथे आजच्या कौशल्याला किंमत राहत नाही. कोण लवकर शिकतो तेवढंच दिसतं. आणि उंचीची अट तर मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. तेरा-चौदाव्या वर्षी जो लवकर वाढतो तो सगळ्यांना ढकलून गोल मारतो आणि यादीत पहिला येतो. दोन वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे होतात आणि हा मागे पडतो. तोवर बुटक्या पोराने खेळ सोडलेला असतो. आज युरोपातल्या फुटबॉल अकादम्या यावर संशोधन करतात, मुलांना जन्मवर्षाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गटात घालून खेळवून पाहतात. हैदराबादेत ते काम एका मोजपट्टीवर भागलं होतं.

१९५० साली रहीम हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे कोच झाले. इथे पैशाची बाजू समजून घ्यायला हवी. त्या काळी भारतात फुटबॉल हा कागदोपत्री हौशी खेळ. खेळून पगार मिळत नसे, पण खेळतो म्हणून नोकरी मिळे: पोलिसात, लष्करात, रेल्वेत, मुंबईत टाटांकडे. गरीब घरच्या मुलाला संघात घेणं म्हणजे त्याच्या आईबापांना महिन्याचा पगार मिळवून देणं. आणि नाव कापणं म्हणजे काय, ते सांगायला नको. याद्यांवर वाद घालणाऱ्या आपल्यासारख्या लोकांचं काही जात नाही, नाव वर गेलं काय नि खाली आलं काय. यादी करणाऱ्या रहीमसाहेबांचा प्रत्येक अंदाज मात्र कुणाच्या तरी घरात जाऊन पोहोचत होता.

आणि अंदाज बरोबर ठरत होते. हैदराबाद पोलिसांनी मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं जिंकला. सलग पाच! कूपरेजवर दाटीवाटीने बसलेल्या मुंबईकरांना हे पोलीस दरवर्षी येऊन आपला कप घेऊन जाताना बघावे लागले. त्यांचा खेळ म्हणजे जमिनीलगतचे छोटे, वेगवान पास. ड्रिबलिंग बंद असलेल्या त्या स्पर्धा आठवा, म्हणजे हा खेळ कुठून आला ते कळेल. ड्युरंड कपही त्यांनी जिंकला. हैदराबादच्या राज्य संघाने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षं संतोष ट्रॉफी घेतली.

त्याच १९५० पासून रहीम भारताच्या संघाचेही कोच होते. सुरुवात झकास झाली. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ भरले आणि अंतिम सामन्यात इराणला १-० हरवून भारताने सुवर्ण मिळवलं. गोल साहू मेवालालचा. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं तुडवलं. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले, ते आजतागायत. अनवाणी भारतीयांच्या गोष्टी आपण फार रंगवून सांगतो, पण दहा गोल खाऊन परतलेल्या कोचला त्यात काही रम्य वाटलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी घडीच बदलली. पाच जण पुढे आणि दोनच मागे ही इंग्रजांकडून आलेली जुनी मांडणी त्यांनी टाकून दिली, बचावात माणसं वाढवली, एका फॉरवर्डला मागे खेचून समोरच्या बचावपटूंना कोड्यात टाकलं.

नव्या मांडणीला नवी माणसं लागतात. सिकंदराबादजवळ अम्मुगुडा नावाच्या वस्तीत एका गरीब तमिळ घरातला मुलगा होता, तुळसीदास बलराम. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि हैदराबादला ट्रायलसाठी बोलावलं. बलरामची अडचण साधी होती. सिकंदराबादहून हुसेन सागराला वळसा घालून रोज हैदराबादला यायचं कसं? सायकल भाड्याने घ्यायची तर पैसे नाहीत. ते भाडं रहीमसाहेबांनी स्वतःच्या खिशातून दिलं. ही गोष्ट बलराम म्हातारा होईपर्यंत सांगत असे. म्हणजे पोर यादीत चढण्याआधी त्याच्या सायकलीची सोय लागली. किती बलराम सायकलीवाचून राहिले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच वर्षी बलराम संतोष ट्रॉफीत खेळला, आणि वर्ष संपायच्या आत ऑलिंपिकला मेलबर्नला पोहोचला. वय वीसच्या आसपास.

मेलबर्नच्या त्या १९५६ च्या संघात हैदराबादी खेळाडू भरपूर होते: अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, लतीफ, झुल्फिकार, बलराम, आणि सिकंदराबादच्या मैदानांवर वाढलेला, लष्करातून आलेला उंचापुरा गोलकीपर पीटर थंगराज. (थंगराज मुळात सेंटर फॉरवर्ड होता, तो लष्करात गेल्यावर गोलकीपर झाला. म्हणजे ही किमया रहीमसाहेबांची नव्हे. सगळंच श्रेय एका माणसाच्या पदरात टाकायचं नसतं.) आपल्या गावचे जास्त घेतले, असं ज्या कोचबद्दल म्हणता येईल त्याच्याकडे उत्तर एकच असतं, ते म्हणजे निकाल. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतली. मग १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ हरवलं. त्यातले तीन गोल हैदराबाद्याचे नव्हेत, बंगाल्याचेही नव्हेत. ते मुंबईकडून खेळणाऱ्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आपल्या कॉलेजात दर वर्गात दोन तरी डिसोझा असतात, त्यांतल्या किती जणांना हे माहीत आहे? उपांत्य सामना आपण युगोस्लाव्हियाकडे ४-१ हरलो, ब्राँझसाठीचा सामना बल्गेरियाकडे ३-० हरलो, आणि चौथे आलो. आशियातला कुठलाच देश तोवर इतका वर गेला नव्हता.

१९६० ची रोमची स्पर्धा निकालावरून पाहिली तर फसलेली वाटते. हंगेरीकडून २-१ हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून ३-१ हार, घरी परत. पण हंगेरीसमोर एका गोलाने हरणं म्हणजे काय ते त्या काळच्या फुटबॉलवाल्यांना विचारावं. हंगेरीविरुद्धचा आपला गोल सायकलवाल्या बलरामचा, पेरूविरुद्धचाही त्याचाच. फ्रान्सविरुद्धचा गोल कप्तान पी. के. बॅनर्जीचा, आणि सामना संपायला थोडाच वेळ असताना फ्रान्सने बरोबरी साधली, नाहीतर तो सामना आपलाच होता.

याच रोमच्या संघात सय्यद शाहिद हकीम होता. रहीमसाहेबांचा मुलगा. खेळाडू म्हणून निवडला गेलेला, बाकीच्यांसारखाच ब्लेझर घालून रोमला गेलेला. तिन्ही सामन्यांत तो एक मिनिटही मैदानात उतरला नाही. त्या वेळी ऑलिंपिकमध्ये बदली खेळाडू नसे, सुरुवातीला जे अकरा उतरतील तेच शेवटपर्यंत. त्यामुळे शेवटची दहा मिनिटं तरी पोराला खेळवू, असली पळवाटही नव्हती. अकरांत बसतो की नाही, एवढाच प्रश्न, आणि बापाने तीनदा उत्तर दिलं की नाही. त्यांच्या सगळ्या जिंकलेल्या कपांपेक्षा मला हे जास्त कठीण वाटतं. लोक काय म्हणतील या भीतीने लायक मुलाला बसवून ठेवणं हाही अन्यायच, असं कुणी म्हणेल, आणि ते खोडून काढणं सोपं नाही. पण त्या तीन सामन्यांतला खेळ पाहता उतरलेले अकरा चुकीचे होते, असं म्हणायला जागा नाही.

मग जकार्ता, १९६२. रहीमसाहेबांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता, आणि ही त्यांची शेवटची मोठी स्पर्धा ठरणार होती. त्या आशियाई खेळांत इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारला, त्याला ऑलिंपिक समितीवरच्या जी. डी. सोंधी यांनी विरोध केला, आणि जकार्तातले लोक भारतीयांवर खवळले. आपल्या दूतावासावर जमाव चालून गेला. सरदार खेळाडूंना पगडीमुळे कुणी ओळखू नये म्हणून बसमध्ये खाली बसावं लागलं, असं खेळाडूंनी नंतर सांगितलं आहे. अशात पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडे २-० हरलो.

पुढचा सामना थायलंडशी. तो ४-१ जिंकला, पण बचावाचा कणा असलेल्या जरनैल सिंगच्या डोक्याला मोठी जखम झाली. टाके पडले. आता सेंटर हाफ म्हणजे दर दोन मिनिटांनी उडी मारून डोक्याने चेंडू परतवणारा माणूस. टाके घातलेल्या डोक्याने ते होणार नाही, म्हणजे जरनैल संपला, असं कुणीही म्हटलं असतं. जपानला त्याच्याशिवाय २-० हरवलं. उपांत्य सामन्यात रहीमसाहेबांनी जरनैलला परत आणलं, पण सेंटर फॉरवर्ड म्हणून! देशातला सगळ्यात भक्कम बचावपटू गोल मारायला पुढे पाठवला. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या त्या सामन्यात भारत ३-२ जिंकला, दोन गोल कप्तान चुनी गोस्वामीचे आणि एक जरनैलचा.

४ सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा कोरिया. सुमारे लाखभर प्रेक्षक भारताच्या विरुद्ध ओरडत होते. आपल्या बाजूने ओरडायला कोण, तर पाकिस्तानचा हॉकी संघ. गोलमध्ये रहीमसाहेबांनी फ्लूतून नुकत्याच उठलेल्या थंगराजला उभं केलं. आधीच्या सामन्यांत प्रद्युत बर्मन होता. मागे अरुण घोष, मधल्या फळीत मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा फोर्तुनातो फ्रँको. पहिल्या वीस मिनिटांत पी. के.ने एक गोल केला आणि जरनैलने दुसरा. कोरियाला एक गोल मिळाला तो अगदी शेवटी शेवटी. २-१. राष्ट्रगीत वाजलं तेव्हा स्टेडियममधला गोंगाट थांबला नव्हता, असं म्हणतात.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, रहीमसाहेब गेले. वय त्रेपन्न. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारत रोमनंतर पुन्हा कधीच खेळला नाही. आशियाई खेळांतलं सुवर्णही पुन्हा मिळालं नाही; १९७० च्या बँकॉकमधल्या ब्राँझनंतर तर कुठलंच पदक नाही. हैदराबाद पोलिसांचा दराराही हळूहळू ओसरला. हुशार पोरं कलकत्त्याला जातच होती, पण त्यांच्या जागी मागून नवी येणं आटलं. बलरामसुद्धा १९५७ सालीच ईस्ट बंगालला गेला होता.

त्या बलरामवरून जुने फुटबॉलवाले अजून वाद घालतात. पी. के., चुनी आणि बलराम ही त्रिमूर्ती. त्यात श्रेष्ठ कोण? कलकत्त्यातले बहुतेक जण पहिल्या दोघांतच निवड करतात आणि तिसरं नाव शेवटी घेतात. तिघांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला. चुनीला १९८३ मध्ये आणि पी. के.ला १९९० मध्ये पद्मश्री मिळाली, बलरामला मिळाली नाही. छातीच्या आजाराने त्याला पंचविशीतच खेळ सोडावा लागला, हेही त्यात आलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो गेला. माझं मत विचाराल तर मी बलरामला पहिला ठेवीन, आणि कारण फुटबॉलचं नाही, हे कबूल करते. बाकी दोघांना कुणी ना कुणी शोधून काढलंच असतं असं मला वाटतं.

हकीम हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाला, आंतरराष्ट्रीय रेफरी झाला, त्याने कोच म्हणूनही काम केलं. २०१७ साली त्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला. वडिलांवरचा सिनेमा यायच्या तीन वर्षं आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, तोही गेला.